सूर्योदय चुकलाय का? ४० प्रकाशवर्षं, १२ दिवस आणि एका ग्रहाचा पंचनामा

कोरी_पाटी
मंडळी, नमस्कार. गेली दोन वर्षं एक विज्ञानकथा घेऊन बसलेय. भाषेचं माझं मी बघेन, पण आकड्यांत हात कच्चा आहे, म्हणून इथे आले.

कथेतलं यान ४० प्रकाशवर्षं अंतर १२ दिवसांत तोडतं. कसं ते सांगितलेलं नाही, यानात 'पल्ला' नावाचं यंत्र आहे एवढंच. जिथे पोचतं तो ग्रह एका लाल बटू (म्हणजे लहान, थंडसर) ताऱ्याभोवती फिरतो आणि त्याचं वर्ष ९ दिवसांचं आहे. त्रिज्या पृथ्वीच्या दुप्पट, त्यामुळे गुरुत्व जरा जड. हवा श्वास घेण्याजोगी, थोडी दाट. पहिल्याच प्रसंगात नायिका टेकडीवर बसून रक्तासारखा लाल सूर्योदय बघते आणि घरून आलेला कालचा रेडिओ संदेश ऐकते. कथेचं नावच 'सूर्योदय' आहे.

झोडपा. पण कारण सांगून झोडपा.

गणकयंत्र
आधी सोपं ते. ४० वर्षांचे दिवस १४,६१०, भागिले १२. म्हणजे यान प्रकाशाच्या सुमारे १,२१७ पट वेगाने जातं. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पुढे कुठल्यातरी प्रकरणात नायिका "जवळच्याच ताऱ्यावर" जाईल आणि तिला तीन आठवडे लागतील, तेव्हा आमच्यासारखे लोक कॅल्क्युलेटर काढून बसलेले असतील.

या वेगाने सूर्यापासून प्रॉक्सिमा सेंटॉरी (४.२४ प्रकाशवर्षं) साधारण ३० तासांवर. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, व्यास लाखभर प्रकाशवर्षं धरला तर, ८२ वर्षं. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, तिथे दोन हजार वर्षं. थोडक्यात, तुमच्या जगात शेजारपाजार आहे, पण आकाशगंगेचं साम्राज्य वगैरे होणार नाही. ८२ वर्षांनी पोचणारा हुकूम कोण पाळतो?

कोरी_पाटी
अरे वा, साम्राज्य नकोच होतं मला! एक वस्ती आणि एक घर, बास.

तिरकस
मग तुम्ही टीव्हीवाल्यांपेक्षा शहाण्या. मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये हिशोब सरळ होता. तिथल्या यानांचा वेग 'वार्प' क्रमांकात सांगतात. त्या क्रमांकाचा घन करा, तितके पट प्रकाशवेग. वार्प ६ म्हणजे २१६ पट. पुढे १९८७ च्या मालिकेत पट्टीच बदलली: वार्प ९ झाला सुमारे १,५१६ पट आणि १० म्हणजे अनंत. मग 'व्हॉयेजर' आली. यान ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं आणि घरी परतायला ७५ वर्षं लागतील म्हणतात. करा भागाकार. ९३३ पट! ज्या यानाचा कमाल वेग वार्प ९.९७५ म्हणून सांगतात, त्याला नुसत्या वार्प ९ नेही ४६ वर्षांतच पोचायला हवं. उरलेली २९ वर्षं काय वाटेत झोपा काढणार?

रिकामटेकडी
हो, झोपा काढणार. गाडीच्या काट्यावर शेवटचा आकडा असतो म्हणून कोणी सलग त्याच वेगाने गाडी दामटत नाही. इंजिन तापतं, इंधन भरावं लागतं, मध्ये कोणाशी तरी भांडण होतंच. सरासरी ९३३ मला तरी पटते.

तिरकस
सरासरी पटली. पण मग त्याच विश्वात कोणी दोन भागांच्या मधे अर्ध्या आकाशगंगेवरून येतं, तेव्हा ही सरासरी कुठे जाते?

रिकामटेकडी
तेव्हा पटकथालेखकाची मुदत संपत आलेली असते. ह.घ्या. (हलके घ्या.)

शेवटचा_बाक
म्हणून 'स्टार वॉर्स'वाले हुशार. वेगाचा आकडाच देत नाहीत. एकदाच १९७७ मध्ये "बारा पार्सेकच्या आत" असं फुशारकीने बोलले आणि अजून ऐकून घेतायत, कारण पार्सेक हे अंतराचं माप (३.२६ प्रकाशवर्षं), वेळेचं नव्हे. नंतर ते वाक्य कसं बरोबरच होतं हे दाखवायला मार्गच धोकादायक आणि जवळचा निघाला. चूक सुधारण्यापेक्षा चुकीभोवती विश्व बांधणं सोपं जातं म्हणायचं.

दुर्बीणकाका
मी जरा विरजण घालतो. व्हॉयेजर १, खरीखुरी, १९७७ मध्ये सुटली. सेकंदाला १७ किमी वेगाने चालली आहे. प्रॉक्सिमाएवढं अंतर तोडायला तिला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सोलर प्रोब. डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना तिचा वेग सेकंदाला सुमारे १९२ किमी होता, आणि तोही सूर्याने ओढून दिलेला. प्रकाशवेगाच्या ०.०६४ टक्के. आपण कुठे उभे आहोत ते कळावं म्हणून सांगितलं.

आणि माझा जुनाच प्रश्न. प्रकाशाला मागे टाकायचा एवढा अट्टाहास का? सतत १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं) त्वरण ठेवा, अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून तितकाच ब्रेक लावा. प्रॉक्सिमाला यानातल्या माणसाची साडेतीन वर्षं जातात, पृथ्वीवरची जवळपास सहा. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत, २६,००० प्रकाशवर्षं, यानातली वीस वर्षंसुद्धा पुरतात. आईन्स्टाईनचा एकही नियम न मोडता! इंधनाचं काय म्हणाल तर ती वेगळी रडकथा आहे. पण कथेत इंधन "आहे" म्हणणं हे प्रकाशवेग मोडण्यापेक्षा लहान पाप.

कोरी_पाटी
काका, पण मग घरी परत आल्यावर घर उरत नाही ना. माझ्या कथेत तिची आई जिवंत हवी.

दुर्बीणकाका
हं. मग माझा मुद्दा मागे. आई जिवंत हवी असेल तर प्रकाशवेग मोडावाच लागेल.

पुराणिक
रेवत राजाचा मुलगा ककुद्मी, मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात स्थळ विचारायला गेला. गाणं चालू होतं म्हणून थोडा वेळ थांबला. गाणं संपेपर्यंत पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली होती. भागवतात आहे. काळ सर्वत्र सारखा धावत नाही हे आपल्याकडे

तिरकस
आलं का! मी धागा उघडतानाच घड्याळ लावलं होतं.

पुराणिक
वाक्य पुरं करू द्या. मी "आपल्याकडे विमानं होती" म्हणणार नव्हतो. एवढंच म्हणणार होतो की गोष्ट म्हणून ती चांगली आहे. परत आल्यावर सगळे इच्छुक वर, त्यांची मुलं, नातवंडं, कोणीच नाही. काकांच्या १ जी वाल्या यानातून परतणाऱ्याचं दुःख तेच आहे.

तिरकस
हे मात्र मान्य. शब्द मागे.

प्रा_नाही_पण
वेगाच्या यंत्राबद्दल. 'पल्ला' उघडून दाखवू नका हे उत्तम, पण तुम्हाला स्वतःला ठाऊक असू द्या की तो कोणत्या घराण्यातला आहे. मोटामोटी तीन घराणी.

पहिलं टॅकिऑनचं. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये असा प्रश्न मांडला की प्रकाशवेग ओलांडायला बंदी आहे खरी, पण जन्मतःच पलीकडे असलेल्या कणांचं काय? नाव नंतर फाइनबर्गने १९६७ मध्ये दिलं. असा कण सापडलेला नाही. २०११ मध्ये 'ऑपेरा' प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किमीच्या प्रवासात प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले आणि जगभर धुरळा उडाला. कारण मुख्यतः एक नीट न बसलेली फायबर केबल निघाली. माणसं टॅकिऑन होऊन पुन्हा माणसं होत नाहीत, त्यामुळे कथेला हे घराणं निरुपयोगी.

दुसरं, कृमिविवर (वर्महोल). वेग नाहीच, नुसता दरवाजा. बारा दिवस कशाला लागतील हा प्रश्न येईल.

तिसरं भौतिकशास्त्रज्ञ अल्क्युबिएरेचं, १९९४. यान जागच्या जागी, पुढचं अवकाश आकसतं, मागचं फुगतं, आणि मधला बुडबुडा हवा तितक्या वेगाने सरकतो. गणित समीकरणात बसतं, पण त्याला ऋण ऊर्जा लागते. १९९७ च्या एका हिशोबात ती दृश्य विश्वातल्या एकूण वस्तुमानापेक्षाही जास्त निघाली. पुढे लोकांनी युक्त्या करून आकडा खूप खाली आणला, पण ऋण ऊर्जा ती ऋणच, बाजारात मिळत नाही. आणि कथालेखकांच्या कामाची खरी गोम वेगळीच आहे. प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत आतून इशारा पोचूच शकत नाही. म्हणजे आत बसलेल्याला सुकाणू नाही, ब्रेकही नाही. सगळं आधी ठरवून सोडायचं. बारा दिवस नुसतं वाट बघणं. मला तर यात अख्खी कादंबरी दिसते.

कोरी_पाटी
थांबा थांबा. ब्रेक नाही? हे मला हवंय. हे मी घेतलं.

शेवटचा_बाक
घेतलंत तर अजून एक घ्या. थांबल्यावर वेग उरतो! तारे एकमेकांच्या तुलनेत स्थिर नसतात. बर्नार्डचा तारा सेकंदाला सुमारे ११० किमी वेगाने आपल्याकडे येतोय. बुडबुडा फुटला की तुमच्याकडे अजून सूर्यमालेचाच वेग असणार. म्हणजे नवा तारा सेकंदाला कितीतरी किलोमीटरने तुमच्या बाजूने सटकतोय, आणि तो फरक साध्या रॉकेटने भरून काढायचा. शिवाय निघताना दिसतो तो तारा ४० वर्षांपूर्वीच्या जागचा. ब्रेक नसेल तर नेम आधीच पुढे धरावा लागेल.

वाचक_क्र_१
मला एक कळत नाही. बाई आई आणि मुलीची गोष्ट लिहितायत आणि तुम्ही सेकंदाला किलोमीटर मोजताय. कोण वाचणार हे? कथेत जीव असेल तर यान झाडूवर उडवा, मी वाचेन.

गणकयंत्र
झाडू चालेल. पण पहिल्या पानावर झाडूला पाऊस सहन होत नाही म्हटलं असेल, तर दहाव्या पानावर पावसात उडवू नका. आमचं भांडण निसर्गाच्या नियमांसाठी नाही, लेखकाने स्वतः घालून दिलेल्या नियमांसाठी आहे.

वाचक_क्र_१
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तिरकस
अरेरे, काय लिहिलं होतं? चुकलं वाचायचं.

प्रा_नाही_पण
माझ्या मते एक मोठी अडचण अजून कोणी काढली नाही. कार्यकारणभाव. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं काहीही असलं, की कोणत्यातरी निरीक्षकाच्या घड्याळाप्रमाणे ते निघण्याआधी पोचतं. हे कोड्यात टाकायला सांगत नाही, हिशोबच तसा येतो. वेग १,२१७ पट असेल तर निरीक्षकाने फक्त प्रकाशवेगाच्या १,२१७ व्या भागापेक्षा जास्त वेगाने त्याच दिशेला जायला हवं. सेकंदाला २४६ किमी. काकांचा पार्कर प्रोब १९२ वर आहे, जरासाच कमी पडतो! आता त्या दुसऱ्या निरीक्षकाकडेही 'पल्ला' दिला तर तो परतीच्या प्रवासात तुमच्या निघण्याआधी घरी पोचू शकतो. आई जिवंत राहील, पण दोन-दोन मुली होतील.

कोरी_पाटी
मी आता रडू का? हे नको. यातून सुटका?

प्रा_नाही_पण
आहे. विश्वाला एक लाडकी संदर्भचौकट (वेग आणि वेळ ज्याच्या तुलनेत मोजायचे ते) द्या. 'पल्ला'चा वेग फक्त तिच्या तुलनेत मोजायचा, यान कुठूनही कसंही निघो. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाची (महास्फोटापासून उरलेल्या मंद प्रारणाची) चौकट त्यासाठी आयती आहे. सापेक्षतेला हे रुचणार नाही, पण भूतकाळात जायची वाट बंद होते.

गणकयंत्र
थांबा, मग मजा येते. सूर्यमाला त्या प्रारणाच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ३७० किमी वेगाने, सिंह राशीच्या दिशेकडे चाललीय. ३७० हे २४६ पेक्षा जास्त! मी हिशोब करून बघितला. यान नेमकं त्याच दिशेला ४० प्रकाशवर्षं गेलं, तर त्या अंतरावर दोन चौकटींच्या घड्याळांत १८ दिवसांचा फरक पडतो. म्हणजे पृथ्वीच्या पद्धतीने जुळवलेल्या घड्याळांनुसार जाताना लागले १२ वजा १८, उणे सहा दिवस. निघण्याआधी सहा दिवस पोचलात! पण परत येताना १२ अधिक १८, तीस दिवस. एकूण चोवीस. घरच्या घड्याळावर कुठेही गडबड नाही, आईला मुलगी चोवीस दिवसांनीच दिसते.

दोनदा तपासलंय. तरी कोणाला चूक दिसली तर सांगा.

प्रा_नाही_पण
बरोबर आहे. आणि सुंदर आहे. ग्रहावरच्या कारकुनाच्या नोंदवहीत "आगमन" हे "प्रस्थान"च्या आधीच्या तारखेला, आणि कोणालाच त्यात विशेष वाटत नाही.

ढगातली_मुंगी
वेगाचं झालं असेल तर ग्रहाकडे वळू का? कारण मंडळी तीन तास यानातच बसली आहेत आणि खरा घोटाळा खाली उतरल्यावर आहे.

कोरी_पाटीताई, रागावू नका. तुमच्या ग्रहावर सूर्योदय होणार नाही.

नऊ दिवसांचं वर्ष म्हणजे ग्रह ताऱ्याच्या अगदी कुशीत. इतक्या जवळच्या ग्रहाची फिरकी ताऱ्याच्या ओढीने मंदावत जाते आणि बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, आपल्या चंद्राची पृथ्वीकडे राहते तशी. एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र, आणि मधे संधिप्रकाशाचा पट्टा जिथे तारा क्षितिजाला चिकटून बसलेला. उगवत नाही, मावळत नाही.

दुसरं, तो रक्तासारखा लाल नसेल. 'लाल बटू' हे नाव फसवं आहे. पृष्ठभागाचं तापमान अडीच-तीन हजार केल्विन, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बइतकं. बल्बचा उजेड आपल्याला लाल वाटतो का? पिवळसर, उबदार वाटतो, तसा. मोठा मात्र दिसेल. ट्रॅपिस्ट-१ हा तारा ४० प्रकाशवर्षांवरच आहे, त्याचा साधारण नऊ दिवसांचं वर्ष असलेला ग्रह घेतला तर तिथून तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसतो.

आणि हवा उरली असेल हे गृहीत धरू नका. असे तारे ज्वाला फेकण्यात आडदांड असतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहाचं तापमान मोजलं. दिवसाच्या बाजूला ५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे उष्णता पलीकडे वाहून नेणारी जाड हवा तिथे असल्याचं दिसत नाही. तुमचा ग्रह त्यापेक्षा बराच बाहेर आहे, तेवढी आशा.

कोरी_पाटी
कथेचं नाव 'सूर्योदय' आहे. नाव!!

शेवटचा_बाक
बुधासारखं करा की. बुध पूर्ण अडकलेला नाही, दोन प्रदक्षिणांत तीनदा स्वतःभोवती फिरतो. ८८ दिवसांचं वर्ष आणि एका सूर्योदयापासून पुढच्यापर्यंत १७६ दिवस. त्याची कक्षा लांबट असल्याने सूर्याजवळून जाताना सूर्य आकाशात काही काळ उलटा चालतो. ठरावीक ठिकाणी उभं राहिलात तर सूर्य उगवतो, परत बुडतो, पुन्हा उगवतो. एकाच सकाळी दोन सूर्योदय! कथेला याहून चांगलं काय हवं?

ढगातली_मुंगी
कल्पना झकास, पण त्यासाठी कक्षा चांगली लांबट हवी. बुधाची ०.२ इतकी विकेंद्री आहे (० म्हणजे पूर्ण गोल). ताऱ्याच्या इतक्या जवळ कक्षा सहसा गोल होत जातात. शेजारचा मोठा ग्रह सतत ढकलत असेल तर लांबट राहील, पण मग तो शेजारी आणि त्याची भरती-ओहोटी, ज्वालामुखी वगैरे सगळं ओढवून घ्यावं लागेल. एका सूर्योदयासाठी महाग पडतं.

गणकयंत्र
गुरुत्वाचं मी बघतो. त्रिज्या दुप्पट केली आणि घनता तीच ठेवली तर गुरुत्व दुप्पट होतं. पण मोठा खडकाळ ग्रह स्वतःच्या वजनाने आत दाबला जातो, त्यामुळे आकडा तिपटीकडे सरकतो. त्यापेक्षा मोठी अडचण ही की पृथ्वीच्या १.६ पटीहून मोठे बहुतेक ग्रह खडकाळ नसतात, वर जाडजूड वायूचं पांघरूण असतं. बसायला टेकडीच नाही.

त्रिज्या १.३ करा, वस्तुमान अडीचपट. गुरुत्व दीडपट येईल. नायिकेचा जिना चढताना जीव जाईल, पण ती जगेल. मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला ११.२ ऐवजी साडेपंधरा किमी होतो, म्हणजे परत उडायला खूपच मोठं रॉकेट लागेल. सहज वर-खाली करणाऱ्या फेऱ्या विसरा.

खोल_पाणी
मी स्कूबा डायव्हिंग शिकवतो, म्हणून "हवा थोडी दाट" वाचून थबकलो. थोडी म्हणजे किती? शरीराला टक्के कळत नाहीत, दाब कळतो. ऑक्सिजनचा दाब ०.१६ बारच्या (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) खाली गेला की माणूस गडबडतो, ०.५ च्या वर दिवसेंदिवस राहिला तर फुप्फुसं खराब होतात. पृथ्वीचीच हवा तिप्पट दाबाने दिली तर ०.६३ झाला, म्हणजे गेलात कामातून. हवेचा एकूण दाब चारेक बार झाला की नायट्रोजन झिंग आणतो, ३० मीटर खोल पाण्यात आम्ही ते बघतो. हुशार माणसं खुळ्यासारखी हसायला लागतात.

आणि कार्बन डायऑक्साइड. ग्रह वासयोग्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला असेल तर पाणी गोठू नये म्हणून हा वायू कित्येक बार लागतो. माणूस ०.१ बारला बेशुद्ध पडतो. "वासयोग्य" हा शब्द पाण्यापुरता आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही. कथांमध्ये दार उघडतात, एक दीर्घ श्वास घेतात आणि "हवा चांगली आहे" म्हणतात, तेव्हा मी खुर्चीत उभा राहतो.

कोरी_पाटी
मुखवटा देते तिला. दाब दीड बार, ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. चालेल?

खोल_पाणी
पळेल. नुसता मुखवटा पुरेल, दाबाचा पोशाख नको. चेहऱ्यावर वारा लागतो, हातमोजे काढता येतात. तुम्हा लेखकांना ते हवं असतं ना.

रिकामटेकडी
रच्याकने (जाता जाता), वाऱ्यावरून आठवलं. 'द मार्शियन'मध्ये मंगळावरच्या वादळात यान कलंडायला लागतं. तिथल्या हवेची घनता पृथ्वीच्या साठाव्या भागाच्या आसपास. ताशी १७५ किमीचा वारा इथल्या वीस-पंचवीस किमीच्या झुळुकीसारखा लागेल. लेखकाला हे माहीत होतं, तरी गोष्ट सुरू करायला त्याने ते केलं. बाकी पुस्तकभर बटाट्याच्या कॅलरी मोजल्या म्हणून मी माफ केलं. गंमत म्हणजे मंगळाच्या खऱ्या वादळाने २०१८ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही तिथली यांत्रिक गाडी बंद पाडलीच, पण वाऱ्याने नव्हे, धुळीने ऊन अडवून.

तिरकस
अवांतर: ट्रेकवाल्यांचा 'व्हल्कन' ज्या ४० एरिडानी ताऱ्याभोवती फिरतो म्हणतात, तिथे २०१८ मध्ये खरंच ग्रह सापडल्याची बातमी आली. मी नाचलो होतो. २०२४ मध्ये कळलं की ती ताऱ्याच्याच पृष्ठभागाची हालचाल होती. ग्रह गेला. मी अजून सुतकात आहे.

शेवटचा_बाक
कोणी त्या संदेशाबद्दल बोललंच नाही! "घरून आलेला कालचा रेडिओ संदेश." रेडिओ म्हणजे प्रकाशच. तो यायला ४० वर्षं. या विश्वात टपाल फक्त यानानेच येऊ शकतं. म्हणजे तारायंत्राच्या आधीचं जग. पत्र हातात पडतं तेव्हा निदान बारा दिवसांचं शिळं. आई आजारी असल्याचं कळतं तेव्हा ती बरी झालेली असते किंवा नसते.

कोरी_पाटी
हे बदललंच. संदेश गेला, पत्र आलं. खरं तर हेच हवं होतं मला, माहीत नव्हतं.

सूर्योदयाचं मात्र दुःख आहे. नाव बदलते आता. 'संधिप्रकाश' कसं वाटतं?

वाचक_क्र_१
बकवास वाटतं. (हे काढणार नाही.)

दुर्बीणकाका
नाव बदलू नका. मी रात्री गच्चीवर बसून विचार केला.

तुमचा तारा उगवणार नाही हे खरं. पण सूर्य उगवेल. आपला सूर्य. ४० प्रकाशवर्षांवरून त्याची दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) सुमारे ५.३ येते. काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक ठिपका. आणि ग्रह नऊ दिवसांत एक प्रदक्षिणा घालताना स्वतःभोवतीही एकदाच फिरतो, त्यामुळे रात्रीच्या बाजूला बाकीचं आकाश नऊ दिवसांत एकदा फिरतं. तारे उगवतात, मावळतात. त्यांत तोही. दर नऊ दिवसांनी सूर्योदय.

तिला दिसेल तो प्रकाश ४० वर्षांपूर्वीचा. तिची आई तेव्हा लहान असेल.

प्रा_नाही_पण
काका!

ढगातली_मुंगी
मुजरा घ्या काका.

फक्त एक. वस्ती संधिप्रकाशात असेल तर ५.३ प्रतीचा तारा तिथून दिसणार नाही, आकाश उजळलेलं असेल. पुरता काळोख व्हायला तारा क्षितिजाखाली साधारण १८ अंश हवा. १.३ पट त्रिज्येच्या ग्रहावर एक अंश म्हणजे १४४ किमी. तिला रात्रीच्या बाजूला २,६०० किमी आत जावं लागेल. गोठलेल्या प्रदेशात.

कोरी_पाटी
जाईल. गाडी देते. पहिला प्रसंग आता शेवटचा होणार बहुतेक, मधे २,६०० किमी आले ना.

गणकयंत्र
आणि उगवल्या उगवल्या दिसणार नाही. क्षितिजाजवळ हवा जाड असते, दीड बारची तर अजून जाड, इतका मंद तारा तिथे गिळला जातो. निदान ३० अंश वर यायला हवा. आकाश दिवसाला ४० अंश फिरतंय, म्हणजे विषुववृत्तावर उभी असेल तरी १८ तास.

कोरी_पाटी
थांबेल ती. पत्र आहे हातात.